विद्युलताबाईंचा पिवळा उजेड

विद्युलता बालाजीराव हिचं नाव चेन्नईत कुणालाच धड घेता आलं नाही. शाळेत ती विद्या होती, कॉलेजात लता झाली, आणि संशोधन केंद्रात लागल्यावर संचालकांनी तिची सरळ 'डॉक्टर व्ही' करून टाकली. पूर्ण नाव घेणारे एकटे तिचे वडील. बालाजीराव रेल्वेच्या वेळापत्रक खात्यातून निवृत्त झालेले. वाटेतलं एकही स्टेशन गाळायचं नाही, ही सवय हाडीमासी मुरलेली. मग पोरीच्या नावातलं अक्षर ते कसं गाळणार?

घर मैलापूरला, तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर तंजावरला आले आणि तिथलं पाणी गोड लागलं म्हणून राहिले. मागाहून नोकऱ्यांपायी कुटुंब मद्रासला आलं. घरात मराठी बोलत, पण ती अशी की पुण्याच्या माणसाला त्यातलं निम्मं कळे आणि उरलेलं निम्मं तो सुधारायला जाई. वाक्य मराठीत सुरू होई, तमिळ हेलात संपे, आणि राग आला की सगळंच तमिळ.

पोरगी हुशार निघाली. रसायनात एम.एस्सी., मग डॉक्टरेट, मग दोन वर्षं जर्मनीत. ती तिथेच राहिली असती, पण आई गेली आणि बालाजीराव एकटे पडले. 'परत ये' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. फक्त रोज फोनवर आज काय जेवलो ते सांगायचे. सोमवारी दहीभात, मंगळवारी दहीभात, बुधवारी दहीभात आणि लोणचं. महिनाभर हा दहीभात ऐकल्यावर तिने सामान बांधलं.

परत आली ती तरमणीकडच्या एका पेशीविज्ञान केंद्रात. इमारत सगळी काचेची. चेन्नईच्या उन्हात काचेची इमारत बांधायची आणि मग ती थंड ठेवण्यात निम्मी वीज घालवायची, ही कल्पना संचालक डॉ. कृष्णस्वामी यांची. गृहस्थ उंच, गोरेपान, आवाज सभेला शोभेल असा. प्रयोगाच्या बशीला हात लावून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण फीत कापायची कात्री त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात कायम तयार असे. विज्ञान त्यांना मनापासून आवडे, त्यातही ज्याचा फोटो निघतो ते जरा जास्त.

विद्युलताचं विज्ञान फोटो निघण्यासारखं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी.

तिला हवं होतं ते साधं होतं. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या बारीक तुकड्यांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातलं एक ग्लुटामेट. टोमॅटोच्या रसमला चव येते ती बरीचशी त्याच्यामुळे, आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्यातही मोठा वाटा त्याचाच. पेशीत हे ग्लुटामेट किती आहे ते मोजायची जुनी रीत म्हणजे पेशी वाटायच्या, चटणीसारख्या, आणि मग त्या चटणीत काय काय सापडतं ते बघायचं. पण वाटलेली पेशी 'होतं' एवढंच सांगते. केव्हा आलं, केव्हा गेलं, ते सांगायला ती जिवंत पाहिजे.

म्हणून विद्युलताने एक हेर बनवायला घेतला. जिवाणूंमध्ये एक प्रथिन असतं, त्याला अडकित्त्यासारखा जबडा असतो, आणि त्या जबड्यात नेमकं ग्लुटामेट बसतं. त्या अडकित्त्याच्या एका दांड्याला तिने निळसर चमकणारं प्रथिन जोडलं, दुसऱ्याला पिवळं. दोन्ही मूळची समुद्रातल्या एका जेलीफिशची. पेशीवर ठरावीक प्रकाश टाकला की निळं तो घेतं आणि शेजारच्या पिवळ्याला देऊन टाकतं, पंगतीत बसलेल्या माणसाने वाढप्याकडून घेतलेलं भांडं गुपचूप पुढे सरकवावं तसं. मग चमकतं ते पिवळं. ग्लुटामेट आलं की जबडा मिटतो, दोन्ही दांडे एकमेकांपासून वळतात, हातातलं भांडं पोचत नाही. पिवळा उजेड उतरतो, निळा चढतो. दोघांचं गुणोत्तर काढलं की जिवंत पेशीच्या पोटात या क्षणी ग्लुटामेट किती, ते कळलं. हेराचा हा नकाशा पेशीला शिकवायचा, म्हणजे ती स्वतःच स्वतःच्या आत हेर घडवते.

कागदावर सगळं छान होतं. प्रत्यक्षात तीन वर्षं त्या हेराने तोंड उघडलं नाही. पेशी चमकत, निळ्याही आणि पिवळ्याही, पण ग्लुटामेट घाला नाहीतर गंगाजल घाला, संगणकावरची त्या गुणोत्तराची रेघ मैलापूरच्या तळ्यासारखी सपाट. सकाळी मैलापुरातल्या तिरुमयिलै स्टेशनावरून गाडी पकडायची, दिवसभर सपाट रेघ बघायची, संध्याकाळी परतायचं. बालाजीराव दारातच विचारत, "आज काही हललं का गे?" आणि ती चपला काढताना मान हलवे. पुढेपुढे ते विचारायचे थांबले. त्यामुळे तिला जास्त वाईट वाटलं.

दोन हजार आठ सालच्या जुलैत केंद्राचा पीएच मीटर दुरुस्तीला गेला. पीएच मीटर म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारं यंत्र. कुठलंही द्रावण पेशींना पाजण्याआधी त्याचा आंबटपणा मोजून बेताचा करायचा, हा नियम. पण दुरुस्तीला गेलेली वस्तू त्या केंद्रात सहसा सणासुदीलाच परत येई. शेवटी कंटाळून विद्युलताने अंदाजाने ग्लुटामिक आम्लाचं द्रावण केलं, त्यात नेहमीचे क्षार होतेच, ते आंबटपणा सांभाळून घेतील म्हणाली, आणि पेशींवर सोडलं.

रेघ हलली. नुसती हलली नाही, कड्यावरून उडी मारावी तशी खाली आली. पिवळा उतरला, निळा चढला, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ नुसती पडद्याकडे बघत राहिली. मग खाली कँटीनमध्ये जाऊन दोन कॉफ्या पाठोपाठ प्यायली. संध्याकाळी घरी आल्यावर तिने वडिलांनी विचारायची वाट बघितली नाही.

संचालकांना कळलं तेव्हा ते जातीने प्रयोगशाळेत आले, आणि त्यांनी पहिला हुकूम काढला तो हा की आता कशालाही हात लावायचा नाही. तीच बाटली, तेच माप, तीच कृती. पीएच मीटर यथावकाश परत आला, तर त्याचा कागदी पट्टासुद्धा कुणी सोडला नाही. विद्युलताला एकदोनदा वाटलं की द्रावण नीट मोजून पुन्हा करावं. पण तीन वर्षांनी देव पावलेला, त्याला कोण विचारणार तू खरा का खोटा. तिने मोजलं नाही.

त्याच ऑक्टोबरात नोबेल पारितोषिक जाहीर झालं, आणि ते नेमकं त्या जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाला. ज्यांना मिळालं ते लोक दुसऱ्या खंडावर होते, पण कृष्णस्वामींनी आनंद असा केला की पाहणाऱ्याला घरचंच कार्य वाटावं. दुसऱ्याच दिवशी पत्रकार बोलावले. पत्रकारांनी बशीत डोकावून पाहिलं. बशीत पाणी दिसलं.

त्यांनी विचारलं, चमक कुठाय. विद्युलता समजावू लागली की हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातून मोजावं लागतं, आणि फरक तसा थोडका असतो. पत्रकारांच्या लेखण्या थांबल्या. कृष्णस्वामींनी तिला हळूच बाजूला सारलं आणि मोठ्या पडद्यावर पेशींची चित्रं लावायला सांगितली, संगणकाने रंगवलेली, लाल आणि जांभळी आणि सोनेरी. रंग कुठला घ्यायचा ते संगणक विचारतो, आपण सांगू तो देतो. हे तिने सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

पेपरात आलं, 'चेन्नईच्या शास्त्रज्ञांनी पेशींना बोलतं केलं'. त्याखाली स्मृतिभ्रंशावर लवकरच उपाय असंही आलं. ते कुणी सांगितलं होतं, याचा केंद्रात पुढे बराच शोध झाला, पण लागला नाही.

बालाजीरावांनी ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलं. झेरॉक्स काढल्या, नात्यातल्या प्रत्येक घरी एक, तंजावरला पाच. सकाळी तळ्याभोवती फेरी मारताना कात्रण खिशात असे, आणि भेटेल त्याला ते आधी हवापाणी विचारून मग दाखवत. कुणी म्हणे माझी सासू चष्मा कुठे ठेवला ते विसरते, तिला आणू का. बालाजीराव सांगत, थोडं थांबा. पोरीचं नाव पेपराने 'विद्यूलथा' छापलं होतं. तेवढं त्यांनी पेनाने दुरुस्त केलं.

डिसेंबरात केंद्राला कळवण्यात आलं की दिल्लीची समिती पाहणीला येते आहे. नवा विभाग द्यायचा की नाही हे ती ठरवणार. आणि नेमकी त्याच वेळी ग्लुटामिक आम्लाची बाटली संपली.

खरेदी विभागात सत्यनारायण नावाचे अधिकारी होते. माणूस नियमाचा पक्का. तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय ते झाडूही घेत नसत, आणि त्यांतला सगळ्यात स्वस्त तोच घेत. ग्लुटामिक आम्ल महाग निघालं, शेजारच्याच ओळीत सोडियम ग्लुटामेट स्वस्त होतं, तेव्हा त्यांनी ते मागवलं. विद्युलता तक्रार घेऊन गेली नाही, कारण तक्रार नव्हतीच. पाण्यात विरघळलं की दोन्हीतून पेशीला मिळतं ते ग्लुटामेटच. उलट हे आंबट नसतं, त्यामुळे जास्त चांगलं. चिनी खाण्यात अजिनोमोटो म्हणून घालतात ते हेच.

समितीच्या आठवडाभर आधी तिने रंगीत तालीम घेतली. नवं द्रावण सोडलं. रेघ सपाट.

जास्त सोडलं. सपाट.

कृष्णस्वामी म्हणाले माल बनावट आहे, आणि सत्यनारायणांना बोलावून त्यांनी असं फैलावर घेतलं की ते बिचारे पावत्यांची फाइल छातीशी धरून उभेच राहिले. माल बनावट नाही असं ठरल्यावर संशय यंत्रावर गेला. सूक्ष्मदर्शकाच्या कंपनीचा माणूस आला, मंदार नावाचा, मूळचा सांगलीचा, अण्णा नगरात खोली घेऊन राहणारा. तमिळ त्याला 'पुढे घ्या' आणि 'बिल द्या' एवढंच येई, त्यामुळे चेन्नईत मराठी बोलणारी बाई भेटल्याचा त्याला आनंद फार. तिच्या मराठीचं मात्र त्याला नवल वाटे. कुठल्या तरी जुन्या पोथीतून कुणी बोलतंय, आणि मधूनच 'बरं, बरं' म्हणायला तमिळ 'सरी, सरी' म्हणतंय, असं.

त्याने दिवे तपासले, भिंगं पुसली, कॅमेरा उघडून बंद केला. यंत्र ठणठणीत होतं.

तो आवराआवर करत असताना विद्युलता त्याच्या मागे पेशींची बशी घेऊन उभी होती. तिच्या मनात एक गोष्ट दोन दिवस फिरत होती, आणि ती तिला करून बघायची नव्हती. शेवटी तिने कपाटातून साधं आम्ल काढलं. त्यात ग्लुटामेटचा कणही नाही. ते पातळ केलं आणि थेंबभर बशीत सोडलं.

रेघ कड्यावरून खाली आली. जुलैत आली होती तशीच, जरा जास्तच देखणी.

"आलं की," मंदार म्हणाला. "बघा, मी म्हटलं होतं मशीन ओके आहे."

"मशीन ओके आहे," ती म्हणाली. "हेरच आंधळा आहे. त्याला ग्लुटामेट दिसतच नाही. पाणी आंबट झालं की पिवळ्याचा उजेड आपोआप उतरतो, एवढंच त्याला ठाव. इतके महिने मी आंबटपणा मोजत होते."

पिवळ्या प्रथिनाची ही खोड काही गुपित नव्हती. जर्मनीत असताना तिने स्वतःच इतरांना त्याबद्दल बजावलं होतं.

मंदारने सहानुभूतीने मान हलवली. मग त्याने विचारलं की यात यंत्राचा दोष नाही, असं त्याने अहवालात लिहिलं तर चालेल ना. ती म्हणाली, चालेल.

संचालकांच्या खोलीत ती गेली तेव्हा ते समितीसाठी आणायच्या शालींचे रंग बघत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, ही एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करायला हवी.

मग त्यांनी विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि सूक्ष्मदर्शकवाल्याला."

"तो कुठे बोलला तर?"

"आम्ही मराठीत बोललो, सर."

"मग हरकत नाही," कृष्णस्वामी म्हणाले, आणि त्यांनी निळी शाल बाजूला काढली.

पुढे त्यांनी तिला समजावलं. रेघ हलते हे खरं ना. खरं. पेशी जिवंत असतात हे खरं ना. खरं. मग का हलते, हा तपशील झाला, आणि तपशिलासाठी पुढचं अनुदान असतं. जर्नलने तुमचा लेख स्वीकारलेला आहे, त्यावर माझंही नाव आहे, तेव्हा घाई करू नये. शेजारच्या संस्थेतून ग्लुटामिक आम्लाची बाटली त्यांनी उसनी आणायला सांगितली. जुनी कृती, जुनं माप.

समिती आली. अध्यक्ष वयस्कर, पोट सुटलेले, सकाळच्या विमानाने आलेले आणि आल्या आल्या आग्रहापायी पोंगल, वडा, वर फिल्टर कॉफी घेतलेले. कृष्णस्वामींनी स्वतः बटण दाबलं. रेघ घसरली. टाळ्या पडल्या. कुणी काही विचारायच्या आत विद्युलता पुढे झाली. ती म्हणाली की ही रेघ ग्लुटामेटमुळे हललेली नाही. हा संवेदक अमिनो आम्ल ओळखत नाही, तो फक्त आम्लता दाखवतो, अॅसिडिटी.

कृष्णस्वामींचा हात बटणावरच राहिला.

अध्यक्ष पुढे वाकले. "अॅसिडिटी?" त्यांनी विचारलं, आणि नकळत स्वतःच्या छातीवरून हात फिरवला. "म्हणजे पेशीच्या पातळीवर कळते?"

ती म्हणाली, हो, पण मुद्दा तो नाही. अध्यक्षांचा मुद्दा मात्र तोच होता. अॅसिडिटी हा राष्ट्रीय प्रश्न आहे, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. त्यांच्या मंत्रालयात असा एक माणूस दाखवा ज्याला ती नाही. आणि इथे दक्षिणेत कुणी गाजावाजा न करता हे काम करतंय. पोटातली जळजळ वेगळी आणि पेशीतली आम्लता वेगळी, हे विद्युलता सांगू लागली, तोवर कृष्णस्वामींना सूर सापडला होता. ते म्हणाले, "आमच्या डॉक्टर व्ही फार विनयी आहेत. हेच आम्ही जेवणानंतर सविस्तर मांडणार होतो."

नवा विभाग मंजूर झाला. 'आम्लता संशोधन विभाग'. निळी शाल अध्यक्षांना शोभून दिसली.

मैलापुरातल्या दक्षिणी मराठी मंडळाने तिचा सत्कार आधीच ठरवला होता. डिसेंबरात चेन्नईच्या संगीत महोत्सवाच्या दिवसांत सभागृह मिळणं अशक्य, म्हणून तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडला. अध्यक्ष अनंतराव बोलायला उभे राहिले. तंजावरच्या सरफोजी महाराजांपासून सुरुवात करून विद्युलतापर्यंत यायला त्यांना वेळ लागला, कारण वाटेत त्यांचे स्वतःचे आजोबा होते. मग शाल, नारळ, चंदनाचा हार. विद्युलता बोलायला उभी राहिली. तिने ठरवलंच होतं. घरच्या मराठीत, एकेक गोष्ट सुटी करून तिने सांगितलं, की पेपरात आलं ते चूक होतं, तिचा प्रयोग फसलेला आहे, हा सत्कार तिला लागू नाही.

लोकांचे डोळे पाणावले. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, किती शिकली तरी गर्व नाही बघ. टाळ्या पडल्या त्या अनंतरावांच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या. नंतर उडदाच्या पिठाची दह्यातली डांगरपचडी आणि पोळ्यांच्या वेळी माणसं तिच्याभोवती जमली. अॅसिडिटीची बातमी इथवर पोचली होती. कुणाला सांबारानंतर जळजळ होई, कुणाला कॉफीनंतर, आणि एका काकांना नुसतं सुनेला बघून. रिकाम्या पोटी यायचं का खाऊन, असं तिला विचारत होते.

बालाजीराव जेवले नाहीत. घरी परतताना, तळ्याकाठच्या फुलवाल्यांच्या गर्दीत ते थांबले.

"विद्युलता," ते म्हणाले, "म्हणजे मी घरोघर वाटलं ते खोटं का?"

"चूक, अप्पा. खोटं नाही."

"फरक काय?"

"मला ठाव नव्हतं तोवर चूक," ती म्हणाली. "आता ठाव असून गप्प बसले तर खोटं."

त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. त्या सभेत तिचं बोलणं शब्दशः खरं धरणारा तो एकच माणूस निघाला, आणि त्या बोलण्याने त्यालाच सगळ्यात जास्त दुखलं होतं. ती त्यांच्या मागून चालत राहिली. शाल खांद्यावरून घसरत होती, ती तिने काढून काखेत घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने जर्नलला कळवून लेख मागे घेतला. तिला वाटलं होतं वडील आता कात्रण फेकून देतील आणि विषय संपेल. बालाजीरावांनी तसं केलं नाही. आयुष्यभर त्यांच्या खात्यात वेळ चुकून छापली गेली की एकच इलाज असे. ते टाइपरायटर पुसून बसले आणि त्यांनी शुद्धिपत्रक काढलं. 'अमुक तारखेच्या बातमीत ग्लुटामेट या शब्दाच्या जागी आम्लता असे वाचावे. स्मृतिभ्रंशासंबंधीचा मजकूर वगळावा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' झेरॉक्स काढल्या आणि ज्या ज्या घरी कात्रण गेलं होतं, त्या त्या घरी पाठवल्या. तंजावरला पाच. नातेवाइकांना वाटलं, म्हातारा आता जरा हललाच. एकीने तर सुचवलं, की त्यांनाच त्या स्मृतिभ्रंशाच्या उपायाची गरज आहे. विद्युलताने एक प्रत घेतली, वाचली, हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली.

केंद्रात तिला कुणी बोललं नाही. कृष्णस्वामी रागावणारे गृहस्थ नव्हतेच, ते फक्त जागा बदलत. नव्या विभागाला तिसरा मजला लागणार म्हणून तिचं सामान तळमजल्यावर हलवलं, पाण्याच्या पंपाशेजारी. पंप सुरू झाला की सूक्ष्मदर्शकातल्या पेशी नाचत. म्हणून पंप कधी बंद असतो ते तिने वॉचमनकडून समजून घेतलं आणि त्या वेळा धरून काम करू लागली. वडिलांनी ते ऐकून एक छोटं वेळापत्रक टाइप करून दिलं.

आता तिला लपवायचंही काही नव्हतं आणि कुणी बघायलाही येत नव्हतं. तिने नाजूक पिवळं प्रथिन काढून टाकलं आणि आंबटाला दाद न देणारं एक दणकट पिवळं आणलं. अडकित्त्याला दोन्ही चमकणारी प्रथिनं जोडणारे धागे फार लांब होते. जबडा मिटला तरी ती लोंबत राहत, जागची हलत नसत. हा खरा दोष होता. तिने ते धागे कापले, पुन्हा कापले. बरेच हेर वाया गेले. सत्यनारायणांनी मात्र तिला हवी ती बाटली वेळेवर दिली. तिच्यामुळे आपला माल बनावट नव्हता हे सिद्ध झालं, याची त्यांना जाण होती, आणि स्वस्त मागवल्याचा थोडा अभिमानही.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात, दुपारचं ऊन भरात असताना, पंप बंद होता तेव्हा तिने पेशींवर आधी आम्ल सोडलं. रेघ जागची हलली नाही. धुऊन काढलं. मग नीट मोजून, आंबटपणा बेताचा करून, ग्लुटामेट सोडलं. रेघ खाली आली. कड्यावरून नव्हे, घराच्या एका पायरीएवढी. नीट बघितलं नाही तर दिसलीही नसती. तिने पेशी पुन्हा धुतल्या, ग्लुटामेट काढून टाकलं, आणि पडद्याकडे बघत राहिली. रेघ हळूहळू वर चढली आणि आपल्या जागी जाऊन थांबली.

जुलैतल्या रेघेने ती नुसती हुरळली होती. आता ती लगेच पडताळणीला लागली. तिने आम्ल पुन्हा दिलं, क्षार बदलून बघितला, दुसरं अमिनो आम्ल देऊन बघितलं. जे हलायला नको ते हललं नाही.

वरून सनईचा आवाज येत होता. आम्लता विभागाचं उद्घाटन चालू होतं, आणि सगळं केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. मधेच कृष्णस्वामींचा फोन आला. पाहुण्यांना दाखवायला काही आहे का, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, आहे, ग्लुटामेटचा हेर आज खरा लागला. त्यांनी विचारलं, डोळ्यांना दिसतं का. ती म्हणाली, नाही. मग राहू द्या, ते म्हणाले, पुढे बघू, आणि जेवायला वर या म्हणाले.

ती गेली नाही. पंप सुरू व्हायला अवकाश होता. तिने घरी फोन लावून वडिलांना सांगितलं, की हललं, आणि परत जागेवरही आलं. बालाजीरावांनी विचारलं, "पक्कं का? मग कुणाला सांगू?"

"इतक्यात नको, अप्पा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा करून बघते."

"बरं," ते म्हणाले, आणि दुपारी काय जेवले ते सांगू लागले. तिने फोन कानाशी धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पेशींची नवी बशी भिंगाखाली सरकवली.